आत्याबाईचं कोरं धुराडं

आमच्या घरात दोन गोष्टींचा विषय काढायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक आहे. एक, सासऱ्यांचं टक्कल. दोन, आत्याबाईचं धुराडं. दोन्ही सारखीच गुळगुळीत, आणि दोन्हींवर काही उगवेल ही आशा घरच्यांनी केव्हाच सोडलेली.

आत्याबाई ही बाई नव्हे, बोट आहे. तस्करी पकडायला ठेवलेली कस्टमची गस्तीनौका. सरकारी नाव चांगलं दणदणीत आहे, पण ते कोणी उच्चारत नाही. प्रत्येक कुटुंबात एक आत्या असते बघा, कोणाचं अडलं-नडलं की न बोलावता पदर खोचून हजर होणारी, आणि त्या नादात स्वतःच्या चुलीवरचं दूध उतू घालवणारी. ही तशी आहे. सासरे तिचे कप्तान आणि मी तिची मशीनवाली. खाली इंजिनाच्या खोलीत मी तेलात माखून उभी असते आणि वरून बोलायच्या नळीतून सासऱ्यांचा आवाज येतो. घरी ते मला सूनबाई म्हणतात, बोटीवर मशीनबाई. धक्क्यावरची फळी ओलांडताना नातं तिथेच ठेवायचं आणि परत येताना उचलायचं, असा आमचा करार आहे. नवऱ्याचं विचाराल तर तो घड्याळं दुरुस्त करतो, आणि बादलीतलं पाणी हललं तरी त्याला मळमळतं.

आता धुराड्याचं सांगते. आमच्या खात्यात एक रीत आहे. तस्करांची नौका धरून बंदरात आणली, की धरणाऱ्या बोटीच्या धुराड्यावर पिवळी चांदणी काढायची. अट मात्र कडक: माल, नौका आणि माणसं, तिन्ही हवीत. नुसता माल आणला तर शाबासकी, नुसती माणसं आणली तर चौकशी. मामांच्या ‘चित्त्या’चं धुराडं चांदण्यांनी इतकं गच्च भरलंय, की नव्या चांदणीला अंग चोरून बसावं लागतं. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, दुसऱ्या गस्तीनौकेचे कप्तान. आणि आमच्या आत्याबाईच्या धुराड्यावर? काजळी. कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी!

बरं, आत्याबाईने आयुष्यात काही केलंच नाही असंही नाही. पहिल्याच गस्तीवर ती एका सराईत टोळीच्या मागे लागली होती. वाटेत एक प्रवासी होडी बंद पडलेली दिसली. होडीत अख्खी बँडपार्टी. सासऱ्यांनी दोर टाकला आणि होडी ओढत आणली. बँडवाल्यांनी उपकार फेडायचे म्हणून वाटभर वाजवलं, त्यामुळे आत्याबाई या घटकेला नेमकी कुठे आहे हे आसपासच्या तमाम तस्करांना सुरासकट कळत राहिलं. एका वादळात तिने बेटावरच्या शेळ्या सोडवून आणल्या. त्यातल्या एकीने समुद्राचे नकाशे खाल्ले आणि उरलेली गस्त अंदाजपंचे झाली. एकदा तर तस्कर अगदी हातातोंडाशी आला होता, आणि शेजारच्या मासेमारी होडीवर एका बाईला कळा सुरू झाल्या. बाळंतपण कप्तानांच्या केबिनमध्ये झालं. सासरे बाहेर उभे राहून नखं खात होते, आणि आत बाळाने पहिला टाहो फोडला तेव्हा बाहेर तेही रडले म्हणतात. ते बाळ आता मोठं झालंय, व्यापार करतं, आणि जकात भरताना आमच्याच ऑफिसात घासाघीस करतं!

थोडक्यात, प्रत्येक पाठलागाच्या मध्ये कोणीतरी बुडत होतं, अडकत होतं किंवा जन्माला येत होतं. आणि सासरे प्रत्येक वेळी थांबत होते.

मामांना हे फार गोड लागायचं. कुटुंबात चार माणसं जमली की ते पाय पसरून बसायचे आणि विचारायचे, “भावोजी, तुमच्या आत्याबाईनं आजवर धरलं काय?” मग स्वतःच उत्तर द्यायचे, “धीर!” सगळे खो खो हसायचे. सासरेही हसायचे. पण त्या रात्री ते जेवताना मीठ मागायचे नाहीत, आणि मीठ मागितलं नाही की त्यांच्या मनाला लागलंय हे आम्हाला कळायचं. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जायची. मी सून पडले, बोलणार काय? मूग गिळून भांडी आपटायची.

तर गोष्ट अशी, की आत्याबाईला निवृत्त करायचं ठरलं. तिच्याबरोबर कप्तानांनाही. पुढच्या शनिवारी धक्क्यावर मांडव, खुर्च्या, साहेबलोक, आणि मग बोट भंगारात. रिवाजाप्रमाणे दुसऱ्या बोटीच्या कप्तानाने उठून निघणाऱ्या बोटीची कामगिरी सगळ्यांसमोर सांगायची. म्हणजे मामांनी! शेळ्या, बँड, बाळंतपण, एकूण एक त्यांना तोंडपाठ. चांदणी नाही म्हणताना ते कुठे थांबतील, कशी भुवई उडवतील, हे मला आत्ताच डोळ्यांपुढे दिसत होतं.

सासरे कधी मनातलं बोलत नाहीत. पण शेवटच्या गस्तीला निघताना, फळी ओलांडायच्या आधी, म्हणजे मी अजून सून असताना, ते धुराड्याकडे बघत म्हणाले, “सूनबाई, एक मिळाली असती ना, तर हिला भंगारात पाठवताना जरा बरं वाटलं असतं.”

मला भरून आलं. तशीच खाली गेले आणि इंजिनाला म्हटलं, “मेल्या, आजच्या दिवस खोकलास तर बघ!”

चित्त्याला समारंभासाठी रंग लावायला पाण्याबाहेर काढलं होतं, त्यामुळे समुद्रावर आम्ही एकटेच. ऊन लख्ख, पाणी शांत. सकाळचा चहा होतो न होतो तोच वरून आरोळी आली. आमच्या टेहळ्याला सगळे घार म्हणतात. का म्हणतात देव जाणे, कारण त्याच्या चष्म्याच्या काचा पाण्याच्या पेल्याच्या बुडाएवढ्या जाड आहेत. पण ही नौका एवढी जवळ होती की त्यालाही दिसली.

नळीतून सासऱ्यांचा आवाज आला. “मशीनबाई, मिशीवाला आहे.”

माझ्या हातातला पाना गळाला. मिशीवाला म्हणजे या किनाऱ्यावरच्या तस्करांचा दादा. चित्त्याच्या सगळ्या चांदण्या किरकोळ चोरांच्या. मिशीवाला मामांनाही कधी गवसला नव्हता.

“मग पळतोय का?” मी विचारलं.

“छे! आपल्याला हात करतोय.”

घ्या! आम्हाला बघून पळायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. आत्याबाई आली, म्हणजे कोणाला तरी ओढायला चालली असेल, एवढीच आमची इज्जत. नौका मालाने काठोकाठ भरलेली, चालली होती सावकाश, जेवणानंतरच्या फेरीला निघाल्यासारखी.

“पूर्ण वेग,” नळी म्हणाली. घंटा घणघणली.

त्यानंतर आत्याबाई जी सुटली! इतक्या वर्षांत तिला कोणी पळायला सांगितलंच नव्हतं हो, सारखं थांबायलाच सांगितलं होतं. म्हातारीला मनापासून हौस होती. सगळे खिळे नाचायला लागले, दिवे लुकलुकले, स्वयंपाकघरातून पातेल्यांची फौज खडखडाट करत जिन्यावरून खाली उतरली आणि तिच्या मागोमाग आमचे स्वयंपाकी बल्लवाचार्य, झाकण हातात घेऊन, “चाललंय काय? चाललंय काय?” असं ओरडत. मी त्यांना तेलाची झारी दिली आणि म्हटलं, “पकडतोय! ओता!” ते ओतायला लागले. दोघंही वेड्यासारखे हसत होतो. का हसत होतो ते विचारू नका, हसूच येत होतं.

वर मिशीवाल्याला एव्हाना उमगलं, की आत्याबाई आज कोणालाही ओढायला चाललेली नाही. त्याने इंजिन वाढवलं, पण ओझ्यामुळे वेग वाढेना. मग त्याच्या माणसांनी माल समुद्रात फेकायला सुरुवात केली. नळीतून सासरे मला सगळं सांगत होते, आणि त्यांचा आवाज हळूहळू वर चढत होता. “खोके टाकतायत. अजून टाकतायत. जवळ आलो, मशीनबाई. त्याची मिशी दिसतेय. अगं, मिशी दिसतेय मला!” बोटीवर ते मला कधीही अगं म्हणत नाहीत.

आणि मग घंटा पुन्हा वाजली. थांबा.

मला वाटलं, चुकून वाजली. मी नळीत ओरडले, “काय?”

“थांबव.”

मी थांबवलं. आणि तशीच, हातात पाना, तोंडाला काजळी, जिना चढून वर आले. बोलायचं काय ते ठरवूनच आले होते. पण समोरचा समुद्र बघितला. पाण्यात माणसं होती. डोकीच डोकी! काळी, तांबूस, लांब केसांची, कुरळ्या केसांची, लाटांवर वरखाली होणारी. जिकडे बघावं तिकडे माणसं बुडत होती.

“वाचवा!” घार बेंबीच्या देठापासून ओरडला, “बायामाणसं आहेत!”

एकाने दोर टाकला, एकाने रबरी कडं फेकलं, बल्लवाचार्यांनी हातातलं झाकण फेकलं. लहान होडी उतरली. बुडत्याला काढायचं म्हटलं की आमच्या माणसांना हुकूम लागत नाही, दुसरं काही त्यांना येतच नाही. घारने पालथं पडून सर्वांत जवळच्या बाईचे केस धरले आणि “घाबरू नका ताई!” म्हणत जिवाच्या आकांताने ओढलं.

ताई एकदम हलक्या निघाल्या. घार धाडकन मागे पडला. त्याच्या हातात थर्माकोलचं पांढरं डोकं होतं आणि डोक्यावर लांबसडक केसांचा टोप.

होडीतल्यांनी दुसरं डोकं उचललं. टोप. तिसरं, टोप. मिशीवाल्याचा माल खऱ्या केसांच्या टोपांचा होता, ज्यांच्यावर जकात एवढी की ऐकून उरलेले केस गळावेत. खोके फुटले आणि डोकी तरंगायला लागली, एवढंच. आणि या जगातली दुसरी कुठलीही गस्तीनौका त्यांच्यामधून सरळ निघून गेली असती. थर्माकोलला वाचवायला आम्हीच थांबलो!

मिशीवाला दूर चालला होता. बल्लवाचार्य आधी फिसकन हसले आणि मग त्यांना रडूच फुटलं. घार चष्मा पुसत “माझ्यामुळे, माझ्यामुळे” करत बसला.

मी सासऱ्यांकडे गेले. “साहेब, चला. अजून गाठू. मशीन गरम आहे.”

ते समुद्राकडे बघत होते. “सगळी डोकी बघून घ्या,” ते म्हणाले.

“सगळी? टोप आहेत ते!”

“बघितले तेवढे टोप आहेत. बाकीचे कुठे बघितलेत?”

माझा तोल गेला. करार गेला खड्ड्यात. “बाबा,” मी भर डेकवर सगळ्यांसमोर म्हटलं, “शनिवारी मामा काय बोलतील, ठाऊक आहे ना तुम्हाला? तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल, मला वाटतं! मला ऐकवत नाही ते! जन्मभर थांबलात, आज एक दिवस नका ना थांबू!”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. त्यांचं टक्कल लाल झालं होतं. “मलाही नाही ऐकवत, सूनबाई. पण त्यात एक जरी खरं असलं तर?”

मी पाना खाली ठेवला आणि होडीत उतरले. एकेक डोकं उचलायचं, बघायचं, वर द्यायचं. माझे डोळे रागाने भरून येत होते. केस सगळ्या अंगाला चिकटत होते. कुरळे केस, सरळ केस, एक तर चक्क वेणीसकट. त्या वेणीवाल्या बयेला मी म्हटलंसुद्धा, “तुझ्यापायी घालवली गं आमची चांदणी.”

मग मी पुढचं डोकं धरलं. आखूड, काळे केस. ओढलं. निघेना. जोर लावून ओढलं.

“आई गं!” डोकं म्हणालं.

मी किंचाळले. तेही किंचाळलं. मग पाण्याखाली गेलं, आणि मी दोन्ही मुठींनी केस धरून ते वर काढलं. पोरगेलासा माणूस होता, ओठ निळे पडलेले, कपाळावर जखम, हातापायांत काही त्राण नव्हतं. खोके फेकताना तोल जाऊन खोक्याबरोबरच पडला होता. हाक मारायला गेला तर नाकातोंडात पाणी. आपल्याच मालाच्या गर्दीत कोणाला दिसलाही नाही.

त्याला वर घेतलं. सासऱ्यांनी स्वतःचा कोट काढून त्याच्याभोवती गुंडाळला, बल्लवाचार्यांनी चहा पाजला. मी होडीतच बसून राहिले. अजून थोडा वेळ मी वर भांडत उभी राहिले असते, तर तो गेला असता.

“साहेब,” घार वरून म्हणाला, “मिशीवाला मोठा दिसायला लागलाय.”

“चष्मा पूस.”

“पुसला. मोठाच होतोय.”

तो परत येत होता. सरळ आमच्याकडे, वेग न मोडता. आला, इंजिन बंद केलं, आणि स्वतःच्या हाताने आमच्याकडे दोर फेकला. एवढा मोठा दादा, पण मिशीची दोन्ही टोकं खाली लोंबत होती.

“माझा धाकटा,” तो म्हणाला. “माझा धाकटा भाऊ आहे का तुमच्याकडे?”

“आहे,” सासरे म्हणाले. “चहा पितोय.”

तो आमच्या डेकवर चढला, भावासमोर गेला, त्याच्या मुस्काटात एक सणसणीत दिली, आणि मग त्याला उराशी धरून लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. आम्ही सगळे कुठे बघावं ते न कळून आकाशाकडे बघत होतो.

“परत आलास तर धरावं लागेल, हे माहीत होतं ना तुला?” जरा वेळाने सासऱ्यांनी विचारलं.

“होतं.” त्याने बाहीला डोळे पुसले. “खरं सांगू, कप्तान? तुमच्या जागी चित्ता असता तर मी आलोच नसतो. तो आमच्या मागे आला असता, आणि धाकटा केव्हाच बुडाला म्हणून मी रडत पुढे गेलो असतो. पण धाकटा नौकेवर दिसेना म्हणून मागे वळून दुर्बीण लावली, तर तुम्ही एकेक टोप उचलून बघताय. तेव्हा म्हटलं, सापडणार. ही म्हातारी सापडल्याशिवाय हलायची नाही.”

सासरे “हं” म्हणाले आणि बोटीच्या टोकाला जाऊन पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी जवळ गेले तर कळेना, हसतायत की रडतायत. त्यांनाही कळत नव्हतं.

जप्तीचा माल ओला जमा करून घेत नाहीत, म्हणून परतताना आम्ही तो वाळत घातला. दोरांवर, कठड्यांवर, शिडीवर, तोफेच्या नळीवरसुद्धा. वारा सुटला आणि आत्याबाई बंदरात शिरली ती अंगभर केस उडवत, मागे मिशीवाल्याची नौका ओढत आणि भोंगा अखंड वाजवत. भोंगा कोणी वाजवायचा यावरून आमच्यात मारामारी झाली, म्हणून पाळीपाळीने वाजवला. धक्क्यावर दोन हमाल ओझं टाकून पळाले. सासूबाई गर्दीतून पुढे आल्या, नवऱ्याला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “एवढे आणलेत, एक तरी डोक्यावर घालून यायचा!”

माल, नौका, माणसं. तिन्ही होती. रंगारी डबा घेऊन आला, पण सासरे म्हणाले, मीच काढतो. धुराड्याला शिडी लावली. त्यांचे गुडघे काही शिडीचे राहिलेले नाहीत, त्यामुळे ती खालून धरायला मी पुढे झाले, तर कोणीतरी मला हलकेच बाजूला केलं. मामा होते. पांढरेशुभ्र कपडे, छातीवर बिल्ले. आता हे काहीतरी बोलणार म्हणून मी दातओठ खाऊन तयार राहिले.

मामांनी शिडी धरली आणि वर बघितलं. सासऱ्यांनी चांदणीचं पहिलं टोक काढलं होतं, ते जरा वाकडंच आलं होतं.

“भावोजी,” मामा म्हणाले, “मी इतक्यांच्या मागे धावलो. माझ्यासाठी परत एकही आला नाही.”

वर कुंचला थांबला. त्यातून पिवळ्या रंगाचा मोठा थेंब सुटला आणि मामांच्या छातीवर, बिल्ल्यांच्या बरोबर मध्ये पडला. मामांनी तो पुसला नाही. सासूबाई पदर घेऊन पुढे झाल्या, तर त्यांनी मान हलवली आणि शिडी आणखी घट्ट धरून ते तसेच उभे राहिले.